‘तो काही करीत नाही!’

कुत्रा पाळणाऱ्या गृहस्थांच्या तोंडी एक वाक्य नेहमी असते. फाटकाशी पाहुणा थबकला, पोस्टमनने सायकल दूरच उभी केली, किंवा एखादी बाई लहान मुलाला कडेवर उचलून भिंतीला चिकटली, की आतून मालकाचा निश्चिंत आवाज येतो, “या हो, या! तो काही करीत नाही!” या वाक्यात वक्त्याचा आपल्या कुत्र्यावर जितका विश्वास असतो, तितकाच समोरच्या माणसाच्या भीतीविषयी अनादर असतो, परंतु तो अनादर वक्त्याच्या ध्यानी येत नाही. आमच्याही येत नव्हता. हे वाक्य आम्ही तीन वर्षे, दिवसातून निदान दोनदा, अत्यंत सद्भावनेने उच्चारीत आलो. ते आम्ही कसे सोडले, हे वाचकांस सांगावे असे बरेच दिवस मनात होते. गोष्ट आमच्याच घरातील आहे आणि तीत आमची शोभा फारशी नाही. परंतु ज्यांच्या घरी कुत्रा आहे, अथवा ज्यांच्या घरची मुले कुत्र्यासाठी हट्ट धरून बसली आहेत, त्यांस ती उपयोगी पडेल अशी आशा आहे.

आमचे घर समर्थनगरात, वरद गणेश मंदिरापासून थोड्याच अंतरावर आहे. २०२३ साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. मातोश्रींच्या तोंडी मात्र अजून औरंगाबादच बसलेले आहे. घरात मातोश्री, आमचे वडील बंधू व वहिनी, आम्ही उभयता आणि दोघा भावांची मिळून चार मुले, असा नऊ माणसांचा एकत्र संसार आहे. सुमारे सात वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका संध्याकाळी, थोरला पुतण्या शिकवणीहून परतला तो दप्तरात एक भिजलेले पिलू घेऊनच. पिलू गावठी, रंगाने तांबूस, आणि थंडीने असे कापत होते की त्याला बाहेर टाकण्याचे धैर्य कोणासही होईना.

त्या रात्री घरात परिषद भरली. बंधू म्हणाले, “जेजुरीच्या खंडोबाजवळ कुत्रा असतो, दत्ताच्या पायाशी तर चार असतात, आपल्या दाराशी एक असला तर बिघडले कोठे?” मातोश्रींनी जपमाळ न थांबविता उत्तर दिले, “देवाच्या पायाशी असतो, पण देवाच्या नैवेद्यात तोंड घालीत नाही. वैश्वदेवात कुत्र्याचा घास सांगितला आहे खरा, पण तो दाराबाहेर घालावयाचा असतो.” शेवटी मुलांचे डोळे भरून आलेले पाहून त्यांनी तीन अटींवर संमती दिली. कुत्र्याने स्वयंपाकघराचा व देवघराचा उंबरा ओलांडता कामा नये. ज्यांनी आणला त्यांनीच त्याचे करावे. आणि शेजारापाजाराची एकही तक्रार त्यांच्या कानी येता कामा नये. पिलाचे नाव खंड्या ठेवण्यात आले. पहिल्या दोन अटी खंड्याने स्वतःच पाळल्या. तिसरी पाळली जात आहे, असे आम्हांस वाटत होते. कारण तक्रार कधी आलीच नाही. तक्रार कानी येत नाही म्हणजे ती नाहीच, असा सोयीचा न्याय आम्ही लावून टाकला होता. सभ्य शेजारी तक्रार करीत नाहीत, ते सोसतात, हे कळावयास आम्हांस काही वर्षे लागली.

पहिला धडा पाण्याने शिकविला. खंड्या मोठा होऊ लागला तसे सकाळी त्याला फिरविण्याचे काम आमच्याकडे आले. साखळी हाती घेऊन आम्ही पहाटे निघत असू व खडकेश्वराच्या मैदानापर्यंत जाऊन परत येत असू. वाटेत खंड्या आपले प्रातर्विधी उरकी. ते कोठे उरकी, याचा विचार आम्ही कधी केला नाही. आपल्या फाटकाच्या आत झाले नाही, एवढ्यावर आमचे समाधान होते. घरचा केर दाराबाहेर लोटला की स्वच्छता झाली, ही आपल्याकडील जुनी समजूत आम्हीही पाळीत होतो; फरक इतकाच की आमचा केर चार पायांनी चालत जाई.

गल्लीच्या टोकाशी एक वृद्ध बाई राहत. सारी गल्ली त्यांना आजी म्हणे. मुले परगावी असल्यामुळे घरात त्या एकट्याच. तरी पहाटे उठून दारापुढे सडा घालण्याचा व चार ठिपक्यांची का होईना रांगोळी काढण्याचा त्यांचा नेम चुकला नव्हता. एके दिवशी आम्हांस परतण्यास उशीर झाला, तेव्हा त्या खराटा आणि बादली घेऊन, कमरेत वाकून, दारापुढची एक जागा पुनःपुन्हा धूत असलेल्या दिसल्या. जागा कोणती व कशाने घाण झाली होती, हे साखळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या खंड्याइतकेच आम्हांसही ठाऊक होते. आम्ही ओशाळून उभे राहिलो. आजी रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “तुमच्याकडे नळ कधी येणार हो? माझ्या पिंपात आजच्यापुरतेच उरले आहे.”

बाहेरगावच्या वाचकांस या प्रश्नाची धार कळावी म्हणून थोडा खुलासा केला पाहिजे. मलिक अंबराने १६१० साली हे शहर खडकी या नावाने वसविले, तेव्हा जमिनीखालून नहरी खोदून त्याने गावात पाणी खेळविले होते. आधुनिक काळात शहराची तहान पैठणच्या जायकवाडी धरणावर अवलंबून राहिली. त्या धरणाचे काम १९६५ साली सुरू झाले व १९७६ साली ते पुरे झाले. त्याच्या विशाल जलाशयाला नाथसागर म्हणतात. परंतु पन्नासएक किलोमीटरांवर सागर असूनही आमच्या भागात तेव्हा नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई. पिंप, हंडे, कळशा, पातेली सर्व भरून ठेवावी आणि तांब्यातांब्याचा हिशेब करावा, अशी आमची सर्वांची रीत होती. त्या हिशेबातून आजींची एक बादली रोज आमच्या कुत्र्यापायी जात होती. आमच्या हौसेचा खर्च एका एकट्या म्हातारीच्या पिंपातून होत होता, आणि आम्ही मात्र मुक्या प्राण्याला आधार दिल्याचे पुण्य आपल्या नावे मांडीत होतो.

दुसऱ्या दिवसापासून फिरावयास निघताना आम्ही खिशात जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे आणि एक पिशवी ठेवू लागलो. पहिल्या दिवशी वाकून ती घाण उचलताना लाज वाटली, हे कबूल करितो. रस्त्याने जाणारे एक ओळखीचे गृहस्थ थांबून पाहत राहिले. घरी पुतण्यानेही नाक मुरडले. त्याला आम्ही म्हटले, “घरातल्या तान्ह्या मुलाचे उचलतोच ना? मग हेही घरातलेच.” पुढे गुरांच्या डॉक्टरांनी सांगितले की कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत मिसळतात आणि त्याच मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जातात, म्हणून विष्ठा उचलणे आणि कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचे औषध देणे ही दोन्ही कामे शेजारच्या मुलांसाठीच करावयाची असतात. त्यानंतर ओळखीचे गृहस्थ थांबून पाहू लागले तरी आम्हांस काही वाटेनासे झाले.

दुसरा धडा आवाजाचा. एका लग्नासाठी सारे घर दोन दिवस नाशिकला गेले होते. खंड्याला अंगणात बांधून, दोन वेळा भाकरी घालण्यास एका मुलाला सांगून आम्ही निश्चिंत झालो होतो. परत आल्यावर शेजारचे गृहस्थ देवळात भेटले. त्यांची कन्या त्या वर्षी दहावीच्या परीक्षेला बसली होती. ते हसून म्हणाले, “खंड्याने तुमची फार आठवण काढली हो! दोन्ही रात्री.” आम्हीही हसलो. घरी पोचल्यावर त्या हसण्याचा अर्थ ध्यानात आला. कुत्रा हा कळपात राहणारा प्राणी. त्याला एकटे टाकले की तो रडतो, आणि त्याचे रडणे मालकाखेरीज सर्वांना ऐकू येते. त्यानंतर घर रिकामे टाकावयाचे झाले तर खंड्याची सोबत कोणी करावयाची हे आधी ठरवून मगच आम्ही तिकिटे काढू लागलो. दिवसभर बांधून ठेवलेला कुत्रा रात्रभर भुंकतो आणि सकाळ-संध्याकाळ दोन मैल चाललेला कुत्रा रात्री झोपतो, हेही अनुभवाने कळले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्याकडे भांडी-धुण्यास एक बाई येत. मुले त्यांना मावशी म्हणत. मावशी खंड्याच्या आधीपासून आमच्या घरात वावरत होत्या, आणि खंड्या आल्यापासून त्यांना त्याची भीती वाटे. रोज सकाळी त्या फाटकाबाहेर उभ्या राहून हाक मारीत, “वहिनी, तेवढे कुत्रे धरा हो!” आणि आमच्यापैकी कोणीतरी चहाचा पेला न ठेवता आतूनच म्हणे, “या, या, मावशी! तो काही करीत नाही!” तीन वर्षांत हे वाक्य त्यांनी हजारदा तरी ऐकले असेल. पाहुण्याला कुत्र्याची भीती वाटली तर तो पुन्हा येत नाही. मावशींना रोज यावेच लागे. आमच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला होता म्हणून त्या आत येत नसत. काम सुटू नये म्हणून येत. हा भेद घरात कोणाच्याच लक्षात आला नव्हता.

चार वर्षांपूर्वीची दिवाळी. पाडव्याची सकाळ होती. लक्ष्मीपूजनाच्या रात्रभर फटाके वाजत होते आणि खंड्या पलंगाखाली कापत पडला होता. माणसाच्या कितीतरी पट तीक्ष्ण कान असलेल्या प्राण्याला ती रात्र कशी जात असेल, याची कल्पना आपण करीत नाही. शाळेला सुट्टी असल्याने मावशींचा आठ वर्षांचा मुलगा त्यांच्याबरोबर आला होता. वहिनींनी त्याच्या हाती फराळाचा डबा दिला आणि तो फाटकाकडे निघाला. येणाऱ्याजाणाऱ्यांमुळे फाटक उघडेच होते. इतक्यात गल्लीत एक मोठा बाँब फुटला. खंड्या पलंगाखालून बाणासारखा बाहेर सुटला. कुत्रा अंगावर येतो असे पाहून मुलगा पळाला. आणि पळणाऱ्याच्या मागे धावणे हा कुत्र्याचा उपजत धर्म. डबा पडला, चकल्या रस्त्यावर विखुरल्या, मुलाची किंकाळी ऐकू आली. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या पोटरीवर दोन दातांच्या खुणा होत्या आणि त्यांतून रक्त येत होते.

कोणी हळद आणावयास धावले, कोणी चुना सुचविला. तेवढ्यात देवघरातून मातोश्री बाहेर आल्या. त्या सोवळ्यात होत्या. अंगणात येऊन त्यांनी मुलाला पायरीवर बसविले, त्याचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, “हळद नको, चुना नको. साबण आणा आणि पाणी ओता. घड्याळ पाहा. पंधरा मिनिटे थांबावयाचे नाही.” नळ येण्यास अजून तीन दिवस होते. पिंपातले पाणी तांब्यातांब्याने जखमेवरून वाहत राहिले. पिंपाचा तळ दिसू लागला, तेव्हा टोकाच्या घरच्या आजी आपली कळशी घेऊन उभ्या असलेल्या दिसल्या. त्यांना कोणी बोलाविले नव्हते.

हे सर्व मातोश्रींना कसे ठाऊक, हे आम्हांस रात्री कळले. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी पैठणजवळच्या खेड्यात कुत्रा चावून गेला होता. घरच्यांनी जखमेत तिखट भरले, मांत्रिक आणला, आणि महिन्याभराने मूल पाण्याला भिऊ लागले. जखम साबणाने धुऊन लगेच लस टोचली असती तर मूल वाचते, हे पुढे एका डॉक्टरांनी सांगितले. पण तोपर्यंत सांगण्यात अर्थ उरला नव्हता. कुत्रा आणण्यास मातोश्रींचा विरोध सोवळ्याओवळ्यापायी आहे, असे आम्ही सर्वजण समजत होतो. तिसऱ्या अटीच्या मागे काय आहे, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. एकाच छपराखाली इतकी वर्षे राहूनही आम्हांस आपल्या आईची भीती ठाऊक नव्हती. मग मावशींची कोठून असणार?

मुलाला घेऊन आम्ही घाटीच्या सरकारी रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी जखम पाहिली आणि पहिलाच प्रश्न केला, “कुत्रा पाळीव आहे ना? त्याला लस कधी दिली?” आम्हांस तारीख आठवेना. घरी येऊन लसीची पुस्तिका शोधली, ती जुन्या बिलांच्या फाइलीत सापडली. वर्षाची मुदत संपून चार महिने झाले होते. विजेचे बिल, विम्याचा हप्ता, घरपट्टी, यांपैकी एकाचीही तारीख आम्ही कधी चुकविली नव्हती. जी चुकल्याने दुसऱ्याच्या मुलाचा जीव धोक्यात येणार होता तेवढी मात्र चुकली होती. त्या मुलाच्या जखमेत सीरम टोचावे लागले आणि दंडांत त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी लस घ्यावी लागली. प्रत्येक वेळी आम्ही त्याला घेऊन गेलो. तो रडत नसे. सुई पाहताना आमचा हात घट्ट धरी. ज्यांच्या हलगर्जीने त्याला तेथे यावे लागले होते, त्यांचाच हात तो धरीत होता.

बंधूंनी त्या सकाळी संतापाने काठी उचलली होती. मातोश्री म्हणाल्या, “त्याला कशाला मारता? फाटक काही त्याने उघडे टाकले नव्हते.” महाभारताच्या आरंभी सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञात तिच्या पिलाने हविर्द्रव्याला तोंडही लावले नव्हते, तरी राजाच्या भावांनी त्याला मारिले. तेव्हा त्या कुत्रीने भर यज्ञात येऊन, निरपराध्याला का मारिले, असा जाब विचारला आणि राजाकडे उत्तर नव्हते. आमच्याकडे तरी कोठे होते?

चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांखाली ठेवावयाचा असतो. तेवढ्या अवधीत तो निरोगी राहिला, तर चावतेवेळी त्याच्या लाळेत रोगाचे बीज नव्हते असे समजतात. खंड्याला गच्चीवरच्या खोलीत ठेविले. दिवाळीचा फराळ डब्यांत तसाच राहिला. रोज सकाळी घरातील नऊ माणसे एकच प्रश्न विचारीत उठत, “पाणी प्याला का?” मावशी भाऊबीजेनंतर पुन्हा कामावर आल्या. बोलल्या काही नाहीत. भांड्यांचा आवाज मात्र नेहमीपेक्षा कमी येत होता. अकराव्या दिवशी खंड्या धडधाकट असल्याचे आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, “बरे झाले. आता तरी बांधून ठेवाल ना?” या ‘आता तरी’ मध्ये तीन वर्षांच्या हजार सकाळी होत्या.

या रोगाविषयी पुढे आम्ही पुष्कळ वाचले. १८८५ साली ६ जुलैला लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्याने ही लस टोचविली आणि तो वाचला. आपल्या देशात १९०० साली कसौलीला व १९०७ साली कुन्नूरला पाश्चर यांच्या नावाच्या संस्था निघाल्या. आमच्या लहानपणी ‘पोटात चौदा इंजेक्शने’ या शब्दांनीच मुलांची गाळण उडे. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस २००५ च्या सुमारास बंद झाली व आता दंडात चार-पाच टोचण्यांवर भागते. म्हणजे विद्येने आपले काम केले आहे. तरीही जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात, त्यांपैकी तिसरा हिस्सा आपल्या देशात, आणि त्यांत मुलांची संख्या मोठी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. माणसाला होणाऱ्या या रोगापैकी शंभरात नव्याण्णव वेळा कारण कुत्रा असतो. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि लक्षणांपूर्वी वेळेवर उपाय केला तर जवळजवळ नेहमीच वाचतो. इतका स्वस्त उपाय आणि इतकी महाग चूक दुसऱ्या कोणत्या रोगात असेल असे वाटत नाही.

कायदाही या बाबतीत मुका नाही. १८६० च्या जुन्या दंडसंहितेतच, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात तो कायम आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पाळीव जनावराला जंताचे औषध देणे, लस टोचविणे व त्याचे निर्बीजीकरण करणे ही मालकाची जबाबदारी असल्याचे केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सांगितले आहे. परंतु मावशी कायद्याची कलमे घेऊन आमच्या दारी कधीच आल्या नसत्या. कायद्याची वाट पाहणाऱ्या गृहस्थाला शेजारधर्म कळला असे म्हणता येत नाही.

येथे रस्त्यावरच्या कुत्र्यांचाही विचार ओघानेच येतो. कारण आमचा खंड्या मूळचा तेथलाच. हा वाद आपल्याकडे आजचा नाही. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत सरकारी हुकमाने मोकाट कुत्री मारण्यास सुरुवात झाली, तेव्हा पारशी मंडळींनी त्याविरुद्ध दंगा केला. कुत्र्याला त्यांच्या धर्मात मान आहे. २०२५ च्या ऑगस्टात दिल्लीच्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेला दिलेला आदेश २२ तारखेला बदलला आणि निर्बीजीकरण व लस झालेली, न पिसाळलेली व न चावरी कुत्री मूळ जागी सोडावी, त्यांना खाणे मात्र रस्त्यात कोठेही न घालता नेमून दिलेल्या जागीच घालावे, असे सांगितले. तेव्हाही आमच्या गल्लीत दोन पक्ष पडलेच. आमच्या पुतण्याला गल्लीच्या कोपऱ्यावर कुत्र्यांना पोळ्या घालण्याची सवय होती. त्याच कोपऱ्यावर सकाळी बालवाडीची मुले रिक्षाची वाट पाहतात. पोळी खावयास आलेली पाच-सहा कुत्री आणि खांद्यावर दप्तर घेतलेली ती चिमुकली मुले, हे दृश्य पाहून पुतण्याला दयेची व्याख्या समजावून द्यावी लागली.

ती व्याख्या दूर शोधण्याचे कारण नव्हते. काशीहून रामेश्वराकडे नेत असलेली गंगेची कावड नाथमहाराजांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा पैठणच्या पंचक्रोशीतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. भूतदयेचा दाखला म्हणून ती आपण हजारदा सांगतो. तिच्यातली एक साधी गोष्ट मात्र आपल्या नजरेतून निसटते. नाथांनी पाजले ते पाणी त्यांच्या स्वतःच्या कावडीतले होते. बरोबरच्या यात्रेकरूंच्या कावडी त्यांनी घेतल्या नाहीत. ज्या दयेचे मोल आपण स्वतः देतो ती दया. जिचे मोल शेजारची आजी आपल्या बादलीने, भांडी घासणारी बाई आपल्या भीतीने, किंवा तिचे मूल आपल्या पोटरीने देते, तिला फार तर हौस म्हणता येईल. पुतण्याने ते ऐकून घेतले. आता तो मुले येण्यापूर्वी, वस्तीपासून दूर, एका पडीक जागेत कुत्र्यांना घास घालतो आणि त्यांतील दोघांना स्वतःच्या खाऊच्या पैशांतून लस टोचवून आणली आहे.

आमच्या घरातील व्यवस्था आता अशी आहे. लसीची तारीख देवघराजवळच्या दिनदर्शिकेवर, एकादशी-चतुर्थीच्या रांगेत, मातोश्री स्वतः लिहवून घेतात. खंड्याचे निर्बीजीकरण झाले आहे आणि महानगरपालिकेत त्याची नोंद आहे. फाटकाला आपोआप मिटणारी कडी बसविली आहे. रस्त्यावर साखळी आखूड धरितो, समोरून मूल किंवा वृद्ध माणूस आले की आम्हीच रस्त्याची बाजू बदलतो. वैशाखात येथील पारा चाळिसांच्या पुढे जातो, तेव्हा डांबराने त्याचे पाय भाजू नयेत म्हणून ऊन चढण्याच्या आत परततो. दिवाळीच्या चार रात्री मधल्या खोलीची दारे-खिडक्या लावून कोणीतरी त्याच्याजवळ बसते. मावशींची येण्याची वेळ झाली, की तो त्यापूर्वीच गच्चीवर जातो. त्यांना हाक मारावी लागत नाही. यांतले एकही काम अवघड नाही. ते दुसऱ्याच्या बाजूने पाहिल्यावाचून सुचत नाही, एवढेच.

आणि ज्यांच्या घरी अद्याप पिलू आलेले नाही, त्यांना एक विनंती. मुलांचे डोळे भरून येतात म्हणून ते आणू नये. दहा-बारा वर्षे रोज पहाटे उठणारा, घाण उचलणारा आणि तारखा सांभाळणारा माणूस घरात कोण, हे आधी ठरवावे. तसा माणूस नसेल तर पिलाला नाही म्हणणे हीच त्याच्यावरची दया. मोठे झाल्यावर शहराबाहेर नेऊन सोडलेली कुत्री कोणाच्या तरी हौसेचीच उरलेली बाकी असते.

परवा मावशींचा मुलगा आला होता. आता तो बारा वर्षांचा आहे, उंच झाला आहे. पोटरीवरच्या दोन खुणा फिकट झाल्या आहेत, पण गेलेल्या नाहीत. तो फाटकाबाहेर थांबला. खंड्या आता म्हातारपणाकडे झुकला आहे. अंगणात उन्हाला पडला होता, त्याने मानही उचलली नाही. आमच्या ओठांवर जुने वाक्य सवयीने आले होते. ते गिळून आम्ही उठलो आणि म्हटले, “थांब बाळ, आम्ही त्याला धरतो. मग ये.”